जुनं वर्कस्टेशन छापखान्याचा फाइल सर्व्हर म्हणून कितपत चालेल?

खिळेजुळारी

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, आज अडलंय म्हणून धागा काढतोय.

सांगलीत गावभागात आमचा छापखाना आहे. आजोबांच्या वेळी ट्रेडल होतं, आता दोन ऑफसेट आणि मागे डीटीपीची खोली. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, संस्थांचे वार्षिक अहवाल, दिवाळीच्या तोंडावर एखाददुसरा अंक. माणसं सहा, कॉम्प्युटर पाच. आमचा 'सर्व्हर' म्हणजे डिझायनरच्या मशीनचा डी ड्राइव्ह, सगळ्यांना शेअर केलेला. तो मशीन बंद करून जेवायला गेला की काउंटरवर गिऱ्हाईक ताटकळतं. शिवाय एकेका कामाच्या चार-चार प्रती. एक त्याच्याकडे, एक प्लेटवाल्याच्या (छपाईची प्लेट बनवणाऱ्याच्या) पेनड्राइव्हवर, एक व्हॉट्सअॅपवर, एक माझ्या मेलमध्ये. मागच्या महिन्यात एका अहवालाची जुनी प्रत प्लेटला गेली आणि सगळा कागद रद्दीत. तेव्हापासून झोप उडालीय.

आता मशीनबद्दल. २०१४ साली घेतलेलं डेल प्रिसिजन टी१७०० मोकळं झालंय. झिऑन ई३-१२४० व्ही३, १६ जीबी ईसीसी रॅम, क्वाड्रो के२००० ग्राफिक्स कार्ड, १ टीबीची हार्ड डिस्क. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ ला हा प्रोसेसर चालत नाही, म्हणून डिझायनरला नवीन घेऊन दिलं. जुन्याचे भंगारवाला ४००० म्हणतोय. द्यायला जीव होत नाही. सगळ्या फाइली मिळून १.४ टीबी भरतात.

आणखी एक. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा छापखान्यात छातीएवढं पाणी होतं. आम्ही शहाणे, कॉम्प्युटर उचलून पोटमाळ्यावर ठेवले. बॅकअपच्या दोन डिस्का मात्र खालच्या लोखंडी कपाटात, कुलपात. कॉम्प्युटर वाचले, बॅकअप बुडाला. त्यानंतर नव्याने बॅकअप घेतलाच नाही, हेही कबूल करतो.

या मशीनचा सर्व्हर होईल का? लिनक्स मला येत नाही, पण सांगितलं ते करू शकतो. शिव्या घाला, पण मार्ग सांगा.

भंगारवाला (डोंबिवली)

माझं नाव बघून घाबरू नका, मी ४००० ला मागणार नाही. उलट सांगतो, देऊ नका.

टी१७०० म्हणजे ऑफिसच्या डबड्यात सर्व्हरचं काळीज. चार कोअर, आठ थ्रेड, ३.४ गिगाहर्ट्झ. पाच माणसांना फाइली वाटायला याच्या एक दशांश ताकद पुरते. खरी चीज आहे ती ईसीसी रॅम. रॅममध्ये एखादा बिट उलटला तर ती तो स्वतः दुरुस्त करते. नेहमीच्या डेस्कटॉपमध्ये अशी चूक गुपचूप फाइलमध्ये उतरते आणि दोन वर्षांनी पत्रिकेवर नवऱ्याच्या तोंडावर हिरवा पट्टा दिसतो.

हात घालण्याआधी:

मशीन उघडून अंगणात न्या आणि ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. छापखान्यातली धूळ कागदाची असते, शिवाय तुमच्याकडे पावडर स्प्रे असेल तर ती पांढरी पूड हीटसिंकमध्ये पिठासारखी बसलेली असणार. थर्मल पेस्ट दहा वर्षांची आहे, वाळून खडू झाली असेल, बदला. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. पन्नास रुपयांची गोष्ट, पण तो मेला की वीज गेल्यावर तारीख मागे जाते आणि फाइलींच्या तारखांचा खेळखंडोबा होतो.

रॅम वाढवायची तर सावध. या बोर्डाला अनबफर्ड ईसीसी लागते. लॅमिंग्टन रोडवर किलोच्या भावाने मिळते ती सर्व्हरमधली रजिस्टर्ड, ती यात चालत नाही. दुकानदार 'ईसीसी म्हणजे ईसीसी' म्हणेल, ऐकू नका. तसे तुम्हाला १६ भरपूर झाले.

पॉवर सप्लायही नेहमीचा एटीएक्स नाही, बोर्डाकडे जाणारा कनेक्टरच वेगळा आहे. तो गेला तर गल्लीतल्या दुकानात मिळणार नाही. एक जुना काढलेला आत्ताच शोधून ठेवा.

शेंगदाणा

४१०० देतो. बोला.

तारतम्य

शेंगदाणाराव, 'ह. घ्या.' (हलकेच घ्या) म्हणायचं राहिलं.

खिळेजुळारी, मशीनचं नंतर बघू. आधी दोन प्रश्न. एक, हा सर्व्हर उद्या सकाळी चालू झालाच नाही, तर किती तास काम थांबलेलं परवडेल? दोन, कालची फाइल गेली तर चालेल, की तासाभरापूर्वीचीसुद्धा जायला नको?

मी पुण्यात लहान ऑफिसांची नेटवर्कं सांभाळतो. लोक प्रोसेसरवर तीन दिवस वाद घालतात आणि या दोन प्रश्नांना कुणी तीन मिनिटं देत नाही.

खिळेजुळारी

लग्नसराईत अर्धा दिवस. त्यापुढे गिऱ्हाईक समोरच्या छापखान्यात. एरवी दोन दिवस ओढता येतील. आणि फाइल तासाभरापूर्वीची मिळाली तर सोन्याहून पिवळं.

तारतम्य

मग ऐका. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

जुनी १ टीबीची डिस्क सर्व्हरला लावायची नाही. तिचा स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते तो) काढून इथे टाका, कशी दिसते ते बघू. तुम्ही दोन नवीन ४ टीबीच्या डिस्का घ्या, नॅससाठीच्या (नॅस म्हणजे नेटवर्कवर सगळ्यांना फाइली पुरवणारा डबा), आणि त्यांचा आरसा करा, म्हणजे दोन्हींवर तेच. घेताना सीएमआर आहे ना ते बघा, म्हणजे ट्रॅक सुटे, शेजारी-शेजारी. एसएमआर प्रकारात ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. एक ट्रॅक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. आरशातली एक डिस्क मेली आणि नवी भरायला घेतली की अशी डिस्क रडकुंडीला आणते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या काही डिस्का एसएमआर निघाल्या होत्या, त्यावरून बराच गदारोळ झाला. आता रेड प्लस आणि सीगेटची आयर्नवुल्फ या सीएमआर आहेत.

ऑपरेटिंग सिस्टिम: ट्रूनॅस. फुकट आहे, ब्राउझरमधून चालवता येते, खाली डेबियन लिनक्स आहे, पण तुम्हाला काळी खिडकी उघडावी लागणार नाही. किमान ८ जीबी रॅम मागते, तुमच्याकडे दुप्पट आहे. ती वेगळ्या डिस्कवर बसते, म्हणून एक लहान एसएसडी लागेल.

ट्रूनॅस सांगण्याचं कारण झेडएफएस. ही फाइल सिस्टिम प्रत्येक ब्लॉकची बेरीज लिहून ठेवते आणि वाचताना ताळा करते. ताळा चुकला तर आरशातल्या दुसऱ्या डिस्कवरून बरोबर ब्लॉक आणून चुकीचा दुरुस्त करते. महिन्यातून एकदा सगळा डेटा असा तपासून घ्यायचा, त्याला स्क्रब म्हणतात.

आणि स्नॅपशॉट. तुमचं दुखणं इथे बरं होतं. दर तासाला त्या क्षणाचं चित्र गोठवून ठेवायचं. ते जागा जवळजवळ खात नाही, पुढे जेवढं बदललं तेवढीच. डिझायनरने दुपारी फाइल बिघडवली तर विंडोजमध्ये फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, प्रीव्हियस व्हर्जन्स, की सकाळी अकराची प्रत समोर. लक्षात घ्या, नेटवर्कवरच्या शेअरमधून खोडलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. त्या बिनच्या भरवशावर राहिलेली किती ऑफिसं मी बघितलीत म्हणून सांगू.

बायॉसमध्ये इंटेलची रेड (RAID) म्हणजे डिस्का एकत्र जोडायची सोय दिसेल. तिकडे फिरकू नका. मदरबोर्ड मेला की त्या डिस्का दुसरीकडे नीट उघडतील याची खात्री नाही. झेडएफएसचा आरसा कुठल्याही मशीनला लावा, ट्रूनॅस टाका, उघडतो. तुमचा अर्धा दिवसाचा प्रश्न इथेच सुटतो. मशीन मेलं तर डिस्का काढून दुसऱ्या डबड्यात.

साधासोपा

तारतम्य यांच्याबद्दल पूर्ण आदर राखून, हा सगळा द्राविडी प्राणायाम कशासाठी? दोन डिस्कांचं तयार नॅस घ्या, एका संध्याकाळी काम उरकतं. वॉरंटी मिळते, आवाज नाही, वीज १५-२० वॉट. बारा वर्षांचं मशीन चोवीस तास चालवणं म्हणजे म्हातारीला मॅरेथॉनला उभं करणं. आणि वर्कस्टेशन वीज किती खातं ते कुणी सांगेल का?

भंगारवाला (डोंबिवली)

सांगतो, माझ्याकडे याचाच भाऊबंद चालू आहे. दोन डिस्कांसकट निवांत असताना ५५ ते ६० वॉट, भिंतीवरच्या मीटरवर मोजलेले. ५८ धरा. महिन्याला साधारण ४२ युनिट. दुकानी दराने सगळे आकार धरून युनिटला १२ रुपये पकडले तर ५०० रुपये. तयार नॅसचे १३ युनिट, म्हणजे दीडशे. फरक महिन्याला साडेतीनशे. नॅसचा रिकामा डबा वीस हजारांच्या पुढे. भरून निघायला पावणेपाच वर्षं.

के२००० काढून त्याहून लहान कार्ड लावलं तर आणखी थोडे वॉट वाचतील. पण कार्डाशिवाय मशीन ठेवू नका, १२४० मध्ये आतलं ग्राफिक्स नाही आणि काही बोर्ड कार्डाशिवाय बीप करत बसतात.

साधासोपा

हिशेब मान्य. पण पाच वर्षांत त्या म्हातारीचा पॉवर सप्लाय जाणार, तेव्हा शोधाशोध कोण करणार? ज्याला लिनक्स येत नाही तो?

तारतम्य

हा मुद्दा बरोबर आहे, मीही काही गिऱ्हाइकांना तयार नॅसच देतो. मशीन उघडून बघायची आवड नसेल तर पैसे टाकून मोकळं व्हावं. पण खिळेजुळारी ऑफसेटच्या रोलरशी झटणारा माणूस दिसतो, त्याला पंखा बदलायला जड जाणार नाही.

ताळेबंद

मी नाशिकला सीए आहे. तांत्रिक गोष्टींत मला गती नाही, पण एक विचारते. टॅलीचा डेटाही या सर्व्हरवर ठेवणार आहात का?

तुमचा धंदा प्रोप्रायटरशिप असेल तरी जीएसटीच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. छापखाना कंपनी म्हणून नोंदवलेला असेल तर आठ वर्षं. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून एडिट लॉग (कुणी काय बदललं याची नोंद) बंद न करता येणारं सॉफ्टवेअर लागतं आणि हिशेबाचा रोजचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. माझी कितीतरी पक्षकार मंडळी 'बॅकअप आहे ना मॅडम' म्हणतात आणि बघितलं तर त्याच कॉम्प्युटरच्या दुसऱ्या ड्राइव्हवर तोच फोल्डर कॉपी केलेला.

खिळेजुळारी

ताई, प्रोप्रायटरशिप आहे. टॅली अकाउंटच्या मशीनवर आहे, सर्व्हरवर आणायचा विचार होता.

तारतम्य

नका आणू. टॅलीचा लायसन्स सर्व्हर विंडोजवर चालतो, आणि अकाउंटला एकच जण बसत असेल तर डेटा आहे तिथेच बरा. रात्री टॅली बंद झाल्यावर त्याची प्रत सर्व्हरवर जाऊ द्या, तिथून स्नॅपशॉट पुढचं बघेल. उघड्या टॅलीचा फोल्डर कॉपी करू नका.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, सर्व्हरले हवा पायजे आन् करंट पायजे. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ वर जाते. आमच्या आर्किटेक्ट ऑफिसात सर्व्हर कपाटात कोंबला होता, 'दिसाले बरं दिसत नाही' म्हणून. दोन उन्हाळ्यात डिस्क गेली. काऊन कोंबाव म्हंतो मी!

तुमच्याकडे पुराची भीती म्हणून पोटमाळ्यावर ठेवाल, तर वर पत्रा आहे का स्लॅब ते पाहा. पत्रा असन तर मशीन भट्टीत टाकल्यासारखं होते.

आन् इन्व्हर्टरवर भरवसा ठेवू नका. घरगुती मोडवर असन तर लाइट गेल्यावर बदलाले वेळ लागते, तेवढ्यात कॉम्प्युटर रीस्टार्ट. यूपीएस घ्या, पण यूएसबी पोर्टवाला. वायर सर्व्हरले जोडली म्हंजे बॅटरी संपत आली का सर्व्हर स्वतःच नीट बंद होते. स्वस्तातल्या ६०० व्हीएला बहुतेक पोर्टच नसते. वायर लावल्यावर एकदा मेन स्विच पाडून खरंच बंद होते का पाहा. आम्ही पायलं नव्हतं.

तारतम्य

ठेचाभाऊंना +१. बायॉसमध्ये एसी रिकव्हरी 'पॉवर ऑन'वर ठेवा, वीज आल्यावर सकाळी बटण दाबायला कुणाची वाट बघायला नको.

खिळेजुळारी

सगळ्यांना दंडवत. पोटमाळ्यावर स्लॅब आहे, खिडकीही आहे.

जुन्या डिस्कचा अहवाल: चालू तास ३१ हजारांच्या वर. रिअॅलोकेटेड सेक्टर २४. करंट पेंडिंग ८. यूडीएमए सीआरसी ०.

भंगारवाला (डोंबिवली)

पेंडिंग ८ म्हणजे डिस्कला तिथलं वाचता येत नाहीये. २४ आधीच बाद झालेत. सीआरसी शून्य, म्हणजे केबलचा दोष नाही, डिस्कच दमलीय. आजच तिच्यावरचं सगळं उतरवून घ्या. मग लोहचुंबक काढून फ्रिजला लावा, फार ताकदवान असतात.

अर्धवट_इंजिनिअर

एवढं करण्यापेक्षा सगळं क्लाउडवर का नाही टाकत? भीतीच नको, ना पुराची ना विजेची.

तारतम्य

१.४ टीबी, २० एमबीपीएसचा अपलोड पूर्ण वेगाने चालला तरी साडेसहा दिवस. मग रोज प्लेटला जाणारी ८०० एमबीची पीडीएफ खाली उतरवा. इंटरनेट गेलं की छापखाना बंद. चालू वर्षाच्या फाइलींचा बाहेरचा बॅकअप म्हणून क्लाउड उत्तम, रोजचं काम त्यावर नको.

खिळेजुळारी, बाहेरच्या बॅकअपचं राहिलंच होतं, बरं झालं विषय निघाला. आरसा म्हणजे बॅकअप नव्हे. डिझायनरने फोल्डर उडवला तर दोन्ही डिस्कांवरून एकाच क्षणी उडतो. स्नॅपशॉट त्यावर उपाय, पण तोही त्याच डब्यात, आणि डबा आयर्विन पुलापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

यूएसबीच्या दोन बाहेरच्या डिस्का घ्या. एक छापखान्यात, एक गावाबाहेर. दर शनिवारी अदलाबदल. आणि इथे माझं मत थोडं वेगळं आहे: त्या झेडएफएसमध्ये करू नका, विंडोजच्या साध्या एनटीएफएसमध्ये ठेवा आणि एखाद्या विंडोज मशीनवरून रोबोकॉपीने (विंडोजमधलीच कॉपी करायची आज्ञा) भरा. उद्या तुम्ही गावाला गेलात आणि सर्व्हर बसला, तर तुमच्या बायकोला किंवा काउंटरवरच्या मुलाला ती डिस्क कुठल्याही लॅपटॉपला लावून पत्रिका उघडता आली पाहिजे. रोबोकॉपीचा मिरर पर्याय डोळे मिटून लावू नका, इकडे उडालेलं तिकडूनही उडवतो तो. आणि कॉपी झाली की डिस्क काढून ठेवा. रॅन्समवेअर आला तर जोडलेलं सगळं कुलूपबंद करतो, काढून ठेवलेल्याला हात लावू शकत नाही.

साधासोपा

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). हा शेवटचा परिच्छेद तयार नॅसवाल्यांनाही लागू आहे.

खिळेजुळारी (तीन आठवड्यांनी)

मंडळी, सर्व्हर उभा राहिला. क्रमाने नाही सांगत, जिथे आपटलो तेवढंच सांगतो.

रॅम तपासायला रात्रभर मेमटेस्ट लावली तर १६ पैकी १२ च दिसत होते. चौथी पट्टी काढली, सोनेरी टोकं खोडरबराने घासली, परत बसवली, आली. मग दोन्ही नव्या डिस्कांची लांब चाचणी केली, रात्रभर चालली, दोन्ही स्वच्छ. ट्रूनॅस बसवायला खरंच पाऊण तास लागला. आमच्या प्लेटमेकरच्या सॉफ्टवेअरला यापेक्षा जास्त लागतो.

पहिला धक्का. फाइल कॉपी करताना वेग सेकंदाला ११ एमबी. जुन्या शेअरपेक्षाही वाईट. डिझायनर तोंड वाकडं करून बघायला लागला.

तारतम्य

११ म्हणजे १०० एमबीपीएसची लाइन. गिगाबिटवर १०० च्या पुढे दिसायला हवं. नेटवर्कचा स्विच जुना असेल किंवा केबल.

खिळेजुळारी

स्विच नवीनच घेतलाय. केबलच निघाली, पण कशी ते ऐका. वायरमनने एकाच केबलमधल्या आठ तारांपैकी चार डिझायनरला आणि चार अकाउंटला दिल्या होत्या. एका केबलमध्ये दोन कॉम्प्युटर. १०० एमबीपीएसला चारच तारा लागतात, म्हणून इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. गिगाबिटला आठही लागतात. नवी केबल ओढली, आता १०८ ते ११२ मिळतात.

भंगारवाला (डोंबिवली)

हा वायरमन डोंबिवलीतही येऊन गेलाय.

खिळेजुळारी

दुसरा धक्का. नवीन मशीनवर विंडोज ११ प्रो, २४एच२ आवृत्ती. सर्व्हरवर पासवर्डाशिवाय शेअर ठेवला होता, तो उघडेचना. बाकीच्या चार जुन्या मशीनवर उघडायचा.

तारतम्य

२४एच२ प्रो पाहुण्यांना दार उघडत नाही, सहीशिवाय एसएमबीही (विंडोजची नेटवर्कवर फाइली वाटायची भाषा) चालू देत नाही. रजिस्ट्रीत जाऊन ते बंद करायच्या युक्त्या नेटवर मिळतील, करू नका. प्रत्येकाला नाव आणि पासवर्ड द्या. नाही तरी काउंटरवरच्या मुलाला हिशेबाचा फोल्डर दिसायचं कारण काय?

खिळेजुळारी

तसंच केलं. तीन गट: डिझाइन, काउंटर, हिशेब. 'प्लेटला तयार' असा एक फोल्डर केला, त्यात फक्त डिझाइनवाले लिहू शकतात, प्लेटवाला फक्त वाचतो. पेनड्राइव्ह बंद. पहिले चार दिवस तो फुगून बसला होता.

तिसरी अडचण झेरॉक्स मशीनच्या स्कॅनची. जुनं मशीन, ते एसएमबीची पहिलीच आवृत्ती बोलतं. सर्व्हरवर ती चालू करू का?

तारतम्य

मुळीच नको. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय याच दारातून जगभर पसरला. स्कॅनरला एफटीपी (फाइल पाठवायची दुसरी, जुनी पद्धत) येत असेल. सर्व्हरवर स्कॅनसाठी वेगळा फोल्डर, त्याला वेगळा वापरकर्ता, एफटीपी फक्त तेवढ्याला.

खिळेजुळारी

झालं, चालतंय. आता चौथी, आणि ही कुणीच सांगितली नव्हती. जुन्या फाइली कॉपी करताना साठ-सत्तर फाइली अडकल्या. 'नाव फार लांब आहे.' विंडोजवर त्याच नावाने दहा वर्षं सुखाने नांदत होत्या! आमचा डिझायनर युनिकोडमध्ये सविस्तर नावं देतो. वधू, वर, गाव, तारीख, 'मामांनी सांगितलेला बदल करून', सगळं नावात.

अर्धवट_इंजिनिअर

हे मला येतं, थांबा! क्लाउडवरून मार खाल्ला, आता भरपाई करतो.

विंडोज नावातली चिन्हं मोजतं, २५५ पर्यंत. लिनक्समध्ये साधारणपणे मर्यादा २५५ बाइटची. इंग्रजी अक्षराला एक बाइट, म्हणून इंग्रजीवाल्यांना फरक कळतही नाही. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट, आणि काना, वेलांटी, हलन्त, अनुस्वार सगळी वेगळी चिन्हं. 'लग्नपत्रिका' आपल्याला पाच अक्षरं, कॉम्प्युटरला अकरा चिन्हं, म्हणजे ३३ बाइट. एकूण ८५ चिन्हांत नाव संपलं पाहिजे, त्यातून शेवटच्या टिंबाचे आणि सीडीआरचे (कोरलच्या फाइलीच्या नावाची शेपटी) चार बाइट वजा.

ताळेबंद

हे फार छान सांगितलंत. आमच्या ऑफिसातल्या 'सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित' नावाच्या फाइली का अडकतात ते आज कळलं.

शेंगदाणा

मामांनी सांगितलेला बदल नक्की काय होता?

खिळेजुळारी

त्यांचं नाव निमंत्रकांत काकांच्या वर.

नावं आखूड केली. आता वर्षाचा फोल्डर, त्यात काम क्रमांक, गिऱ्हाइकाचं आडनाव आणि प्रत क्रमांक, एवढंच. बाकी तपशील जॉब कार्डावर, पूर्वी असायचा तसा. वडिलांना फार आनंद झाला, त्यांची पद्धत परत आली म्हणून. कोरल स्वतःहून बनवतं त्या 'बॅकअप ऑफ' नावाच्या फाइली मोजल्या तर ९० जीबी निघाल्या, त्या उडवल्या.

वऱ्हाडी_ठेचा

मेन स्विच पाडून पायलं का?

खिळेजुळारी

पाहिलं. पहिल्यांदा यूपीएस सहा मिनिटांत मान टाकून मोकळा, सर्व्हर धाडकन बंद. यूएसबी वायर लावली होती, पण ट्रूनॅसमध्ये यूपीएस सेवा चालूच केली नव्हती. दुसऱ्यांदा चालू केली, बॅटरीवर गेल्यावर तीन मिनिटांनी बंद व्हायला सांगितलं. तीन मिनिटांनी नीट बंद झाला, वीज दिल्यावर आपोआप उठला. तुमच्यामुळे वाचलो, भाऊ.

वऱ्हाडी_ठेचा

चाला, एक तरी पायलं.

खिळेजुळारी (आणखी दोन महिन्यांनी)

धागा वर काढतो. लग्नसराई अर्धी उलटली.

परवा दुपारी काउंटरवरच्या मुलाने 'जुनं काढून टाक' सांगितलं म्हणून डिझाइनचा अख्खा चालू महिन्याचा फोल्डर उडवला. त्याला खोडायचा अधिकार होता ही माझी चूक, घाईत मीच त्याला डिझाइन गटात टाकलं होतं. २१४ फाइली. चार वाजता डिझायनर पांढरा पडून माझ्याकडे आला. प्रीव्हियस व्हर्जन्स उघडलं, तीन वाजताचा स्नॅपशॉट, कॉपी. चार वाजून नऊ मिनिटांनी सगळं जागेवर. तीन ते चारमध्ये केलेलं एका पत्रिकेचं काम तेवढं गेलं, ते त्याने पुन्हा केलं. मुलाला मी काहीच बोललो नाही. त्याला गटातून काढला.

महिन्याचे स्क्रब दोनदा झाले, चुका शून्य. युनिटचा फरक बिलात दिसतो, भंगारवाल्यांच्या हिशेबाच्या आसपासच आहे.

भंगारवाला (डोंबिवली)

वा! आणि तो जास्तीचा पॉवर सप्लाय?

खिळेजुळारी

पुण्याहून एक काढलेला मागवला. डब्यात घालून, वर तारीख लिहून सर्व्हरशेजारीच ठेवलाय.

साधासोपा

माझे शब्द मी गिळतो. तरी पुढच्या वेळी तयार नॅसच घ्या.

तारतम्य

बाहेरच्या डिस्कचं बोलला नाहीत. शनिवारची अदलाबदल चालू आहे ना? एक गावाबाहेर?

खिळेजुळारी

चालू आहे. विश्रामबागेत बहिणीकडे ठेवायची ठरलंय, पुराचं पाणी तिच्या घरापर्यंत कधी आलं नाही.

तारतम्य

ठरलंय ते कळलं. आत्ता या क्षणी कुठे आहे?

खिळेजुळारी

स्कूटरच्या डिकीत. तीन शनिवार झाले.

निघालोच.